५०० रुपयांचा सर्व्हर ८०० ला कसा पडतो: लहान साईटींसाठी व्हीपीएस निवडायची पद्धत

मागच्या सीझनला बेदाण्याचे सौदे जोरात चालू असताना एक दिवस सकाळी साडेसातला एका व्यापाऱ्याचा फोन आला. "ओ दादा, साईट उघडंना झालीय बघा, तिकडनं दिल्लीची पार्टी माल बघायला बसलीय." मी ब्रश तोंडात ठेवूनच मोबाईलवर साईट उघडली तर पांढऱ्या पानावर ते एकच वाक्य, डेटाबेसशी कनेक्शन होत नाही. सर्व्हरवर शिरलो तर मारियाडीबी, म्हणजे साईटचा डेटाबेस, मेलेलं, आणि कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये स्वच्छ लिहिलेलं की मेमरी संपली म्हणून ही प्रोसेस मारली. १ जीबी रॅम, स्वॅप (रॅम भरली की वापरायची डिस्कवरची राखीव जागा) शून्य, आणि रात्रभर कुठलातरी बॉट वर्डप्रेसच्या लॉगिन पानावर धडका देत बसलेला. परत चालू करायला दोन मिनिटं लागली, पण पार्टी तोवर उठून गेली होती. ह्यात होस्टिंगवाल्याचा काही दोष नव्हता, मी प्लॅन घेताना फक्त दर बघितला होता एवढंच.

सांगलीत विश्रामबागला माझं छोटं ऑफिस आहे आणि अशा पंधरा-सोळा साईटी मी सांभाळतो. हळदीचे दोन अडते, कुपवाड एमआयडीसीतलं एक फॅब्रिकेशनचं शॉप, मिरजेतले एक तंतुवाद्यवाले, दोन क्लास, एक मंगल कार्यालय. सगळ्या लहान, पण प्रत्येकाला आपली साईट बंद पडली की दुकानाचं शटर पडल्यासारखं वाटतं. मला कायम विचारतात की स्वस्तात कुठला व्हीपीएस (मोठ्या मशीनमधला भाड्यानं मिळणारा आपला वेगळा सर्व्हर) घेऊ, आणि मी नाव सांगत नाही, कारण आज स्वस्त असलेला सहा महिन्यांनी स्वस्त राहीलच असं नाही. पद्धत सांगतो.

आधी हे बघा, व्हीपीएस पाहिजेच आहे का

साईट चार पानांची असेल, दुकानाचा पत्ता, फोटो, व्हॉट्सॲपचं बटण आणि महिन्यातनं एकदा काहीतरी बदल, तर व्हीपीएस घेऊच नका. साधी एचटीएमएल साईट करा आणि क्लाउडफ्लेअर पेजेस किंवा गिटहब पेजेसवर ठेवा, फुकट चालते आणि बंद पडायला तिथं काही नसतंच. एकच वर्डप्रेस साईट आहे आणि लिनक्सची काळी खिडकी बघून पोटात गोळा येतो, तर चांगलं शेअर्ड होस्टिंग घ्या, लाजायचं काय त्यात. व्हीपीएस म्हणजे भाड्यानं घेतलेली रिकामी खोली, वायरिंगपासनं कुलपापर्यंत सगळं तुम्हीच बघायचं. चार-पाच साईटी एकत्र ठेवायच्या असतील, किंवा नोड नाहीतर पायथनचं काही चालवायचं असेल, किंवा शेअर्ड होस्टिंगवर शेजाऱ्याच्या गर्दीनं तुमची साईट रडत असेल, तेव्हा व्हीपीएसचा विषय काढायचा.

गरज मोजा, अंदाजपंचे नको

लोकांची सगळ्यात मोठी गल्लत इथं होते, एकतर ५१२ एमबीवर तीन वर्डप्रेस कोंबतात नाहीतर चार साईटींसाठी ८ जीबीचा सर्व्हर घेऊन बसतात. रॅमचा हिशोब असा धरा. लिनक्स स्वतः दीड-दोनशे एमबी खातं. मारियाडीबीचा बफर पूलच (डेटा हाताशी धरायची रॅम) मुळात १२८ एमबीचा असतो, बाकीचं धरून अडीचशे धरा. पीएचपीचा, म्हणजे वर्डप्रेस ज्यावर चालतं त्या भाषेचा, एकेक वर्कर (एका वेळी एक पान बनवणारी प्रोसेस) वर्डप्रेससाठी ५० ते ६० एमबी घेतो, वूकॉमर्स आणि पेज बिल्डर असला तर १०० च्या पुढं पण जातो. म्हणजे पाच वर्कर ठेवले तर तीनशे. बेरीज साडेसातशेच्या आसपास, म्हणजे १ जीबीत एक-दोन साध्या साईटी बसतात पण काठोकाठ, आणि माझ्यासारखी स्वॅप ठेवायची विसरला की बॉट आला की संपलं. चार-पाच वर्डप्रेस असतील तर २ जीबी घ्या आणि शांत झोपा. आणि पीएचपीच्या सेटिंगमध्ये जास्तीत जास्त वर्कर किती ती मर्यादा रॅम बघून स्वतः घाला, तो आकडा मोठा ठेवला की गर्दीच्या वेळी पीएचपीच सगळी रॅम खाऊन डेटाबेसचा जीव घेतं.

बँडविड्थची भीती उगाच बाळगतात. एक पान २ एमबीचं, दिवसाला ५०० माणसं, प्रत्येकानं तीन पानं बघितली तर दिवसाचे ३ जीबी, महिन्याचे ९०. बहुतेक ठिकाणी लहान प्लॅनला पण ५०० जीबी ते १ टीबी मिळतंच. तुमचं मंगल कार्यालय कितीही जोरात चाललं तरी तेवढं संपत नाही. त्यामुळं "अनलिमिटेड" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं बघून भाळू नका, त्याच्या खाली बारीक अक्षरात फेअर युजची अट असतेच. डिस्क २०-२५ जीबी पुरते, फक्त एसएसडी किंवा एनव्हीएमई पाहिजे, वर्डप्रेसचा डेटाबेस फिरत्या डिस्कवर टाकायचे दिवस गेले.

आता प्लॅनच्या पानावर काय वाचायचं

केव्हीएम हा शब्द शोधा, एका मशीनचे अनेक सर्व्हर करायची ती एक पद्धत आहे. केव्हीएममध्ये तुमच्या सर्व्हरला स्वतःचा कर्नल असतो आणि रॅम बऱ्यापैकी तुमची म्हणून मिळते. ओपनव्हीझेड म्हणजे एकाच कर्नलवर सगळ्यांची मोट बांधलेली, तिथं मशीनमध्ये आहे त्याच्यापेक्षा जास्त विकणं सोपं जातं, आणि डॉकरसारख्या (प्रोग्रॅम डब्यात बंद करून चालवायच्या) गोष्टींना अडचण येते. दीडशे-दोनशे रुपये महिना असला दर दिसला की आधी हे बघायचं.

दुसरं सीपीयू. लहान प्लॅनमध्ये जो एक व्हीसीपीयू लिहिलेला असतो तो बहुतेक वेळा शेअर्ड असतो, आणि लहान साईटींना तो चालतो सुद्धा. काही ठिकाणी बर्स्टेबल असतो, ॲमेझॉनचं लाइटसेल तसं आहे. ते घरातल्या इन्व्हर्टरसारखं समजा, काम नसताना बॅटरी भरत राहते, काम आलं की त्यातनं खर्च होते, आणि बॅटरी संपली की सगळं मंद. दिवसभर रिकाम्या आणि संध्याकाळी तासभर गर्दी असणाऱ्या साईटीला हे झकास. पण सतत कायतरी चालू ठेवायचं असेल, मोठे क्रॉन जॉब (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामं), फोटो बारीक करणं वगैरे, तर तिथं मार खाल.

आयपीव्ही४, म्हणजे सर्व्हरचा जुन्या पद्धतीचा इंटरनेट पत्ता, मिळतोय का ते बघा. ह्या पत्त्यांचा तुटवडा आहे, ॲमेझॉननं तर फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ ला तासाला अर्धा सेंट लावायला सुरवात केली. त्यामुळं काही सगळ्यात स्वस्त प्लॅन फक्त आयपीव्ही६ वर, म्हणजे नव्या पद्धतीच्या पत्त्यावर, असतात. जिओच्या मोबाईलवर ती साईट उघडेल, पण ज्याच्या ब्रॉडबँडला आयपीव्ही६ नाही त्याला कोरं पान. मध्ये क्लाउडफ्लेअर टाकून भागतं, पण पहिलाच सर्व्हर असेल तर त्या भानगडीत पडू नका.

सर्व्हर कुठं असावा

तुमचं गिऱ्हाईक तासगाव, जत, कोल्हापूर, फार तर पुण्या-मुंबईचं. मग सर्व्हर जर्मनीत कशाला? माझ्या ऑफिसातनं मुंबईच्या सर्व्हरला पिंग (हाक जाऊन उत्तर यायचा वेळ) २०-३० मिलिसेकंदात येतं, सिंगापूरला सत्तरच्या पुढं, जर्मनीला दीडशेच्या आसपास, अमेरिकेला दोनशेच्या वर. आकडा बारीक वाटतो, पण सुरक्षित साईट उघडताना पहिलं अक्षर यायच्या आधी कमीत कमी तीन फेऱ्या होतात, एक कनेक्शनची, एक एन्क्रिप्शनची, एक पान मागायची. म्हणजे जर्मनीत साडेचारशे मिलिसेकंद नुसत्या ये-जा करण्यात गेले, मुंबईत ६०-९०. त्यानंतर पीएचपी काय करायचं ते करेल.

भारतात जागा असलेल्यांपैकी डिजिटलओशन बंगळूरला आहे, लिनोड, जे २०२२ मध्ये अकामाईनं घेतलं, ते मुंबई आणि चेन्नईला, व्हल्टर मुंबई, दिल्ली आणि बंगळूरला, लाइटसेल मुंबईला, ओव्हीएचपण मुंबईला आलंय. लाइटसेल घेताना एक लक्षात ठेवा, मुंबईत डेटा ट्रान्सफरचा कोटा बाकीच्या बहुतेक ठिकाणांच्या निम्मा मिळतो. हेट्झनर युरोपात तेवढ्याच पैशात दुप्पट-तिप्पट मशीन देतं, पण भारतात त्यांचं सेंटर नाही, जवळचं सिंगापूर, आणि तिथं ट्रॅफिकचा कोटा युरोपाच्या मानानं फारच कमी. तरी मी एक सर्व्हर युरोपात ठेवलाय, बॅकअपसाठी आणि टेस्टिंगच्या साईटींसाठी, तिथं पिंगला कोण विचारतंय.

खरा दर

६ डॉलर महिना लिहिलंय. डॉलर हिशोबाला ९० रुपये धरू, म्हणजे ५४०. आता आपोआप बॅकअपचे २० टक्के धरा, झाले ७ डॉलर २० सेंट. त्याच्यावर १८ टक्के जीएसटी, साडेआठ डॉलर, म्हणजे ७६५ रुपये. त्याच्यावर बँक कार्डाचा फॉरेक्स मार्कअप लावते, साडेतीन टक्के धरले तर २७ रुपये, आणि त्या २७ वर परत जीएसटी. हातात पडलं ८०० च्या जरा अलीकडं. ५४० म्हणून गिऱ्हाईकाला कोटेशन दिलं असेल तर वरचे अडीचशे तुमच्या खिशातनं, मी पहिल्या वर्षी असंच तीन गिऱ्हाइकांचं भरलंय. तुमच्याकडं जीएसटी नंबर असेल तर तो अकाउंटमध्ये टाका, मग परदेशी कंपनी टॅक्स लावत नाही, तो रिव्हर्स चार्जनं तुम्ही भरायचा आणि क्रेडिट घ्यायचं, बाकी सीएला विचारा. देशी कंपन्यांचे दर पण बहुतेक जीएसटी सोडून लिहिलेले असतात.

पैसे भरायचा पण एक वेगळाच ताप आहे. नव्या कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतो, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू करावा लागतो. आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळं दर महिन्याला आपोआप कटणाऱ्या पैशाला मँडेट (तुमची आगाऊ परवानगी) लागतं, परदेशी कंपन्यांकडं ते जुळतंच असं नाही, मग पेमेंट फेल, मग मेल येतो, तो मेल तुम्ही बघत नाही, आणि एक दिवस सर्व्हर सस्पेंड. ज्या ठिकाणी आधी पैसे भरून बॅलन्स ठेवता येतो तिथं तीन-चार महिन्यांचा बॅलन्स टाकून ठेवा. आधार-पॅन मागितलं म्हणून दचकू नका, एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या (सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) आदेशानं व्हीपीएसवाल्यांना गिऱ्हाईकाची खरी माहिती घ्यावी लागते आणि ५ वर्षं जपून ठेवावी लागते.

आता तीन वर्षांची ऑफर. मी एकदा घेतली होती, नाव घेत नाही, महिना ९९ रुपयांच्या हिशोबानं तीन वर्षांचे एकरकमी भरले. आठव्या महिन्यात पॅनल उघडेना, मग तिकिटाला उत्तर येईना, मग त्यांची स्वतःचीच साईट गेली. पैसे गेले ते गेले, साईटी दुसरीकडं हलवताना दोन रात्री गेल्या. तेव्हापासनं पहिले तीन महिने महिन्या-महिन्यानंच भरतो. आणि पहिल्या वर्षीचा दर आणि रिन्यूअलचा दर ह्यात दुपटीचा फरक असू शकतो, रिन्यूअलचा दर शोधून काढा, तो पानाच्या तळाला कुठंतरी लपलेला असतो.

हळकुंड मोडून बघा

यार्डात हळदीच्या सौद्याला आलेला खरेदीदार नुसता ढीग बघून बोली लावत नाही, हळकुंड उचलतो, मोडतो, आतला रंग बघतो आणि मग बोलतो. सर्व्हर पण तसाच घ्यायचा. तासावर बिल लावणाऱ्या कंपनीत दोन दिवसाचे पस्तीस-चाळीस रुपये जातात, तेवढे घाला आणि साईट टाकायच्या आधी हे करा.

रात्री नऊ ते अकराच्या मध्ये घरच्या वायफायवरनं आणि मग मोबाईल डेटावरनं पिंग मारून बघा, शंभर वेळा जाऊ द्या. सरासरी किती त्यापेक्षा मधेच उड्या किती मारतंय आणि पॅकेट किती पडतायत ते बघा. मग सर्व्हरवर टॉप चालवा आणि सीपीयूच्या ओळीच्या शेवटी एस-टी म्हणून आकडा असतो तिकडं लक्ष द्या. तो स्टील टाइम, म्हणजे तुमच्या वाट्याचा सीपीयू शेजारी किती पळवतोय. शून्य-एक असेल तर छान, मधनंच तीन-चार झाला तर चालतंय, पण सलग दहाच्या वर राहिला तर त्या मशीनवर माणसं कोंबलीयत. मी एकदा संध्याकाळी सातला २३ बघितलाय, सर्व्हरवर अजून एक फाईलसुद्धा टाकली नव्हती. तो तिथंच डिलीट केला, त्याच कंपनीत दुसरा बनवला तर तो दुसऱ्या मशीनवर पडला आणि शून्य दाखवायला लागला. म्हणजे कंपनी वाईट असं नाही, नशिबाचा पण भाग असतो, आणि तासाच्या बिलिंगचा फायदा हाच.

डिस्कसाठी एक जीबीची फाईल लिहून बघा, सकाळी एकदा आणि रात्री एकदा. आकडे सारखे आले पाहिजेत. आणि शेवटची टेस्ट, रविवारी रात्री सपोर्टला एक साधा प्रश्न विचारा, रिव्हर्स डीएनएस कुठं बदलायचा असा काहीतरी. उत्तर किती तासात येतं आणि ते माणसानं लिहिलंय का हे बघा. गरज पडते ती रविवारी रात्रीच.

पहिल्या संध्याकाळी करायची कामं

उबुंटू २४.०४ घ्या, २०२९ पर्यंत अपडेट मिळतात, नाहीतर डेबियन. सेंटओएस ७ अजून काही जणांच्या यादीत दिसतं, त्याचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, तिकडं बघू पण नका. मग एसएसएच की (सर्व्हरवर दूरनं शिरायच्या किल्लीची फाईल) टाकून पासवर्डनं लॉगिन बंद करा, पण की चालतेय हे दुसऱ्या खिडकीतनं तपासल्याशिवाय पहिली खिडकी बंद करू नका, नाहीतर स्वतःच्याच घराबाहेर. फायरवॉलमध्ये एसएसएच आणि साईटचे ८० आणि ४४३ हे पोर्ट एवढंच उघडं, आणि एसएसएचला आधी परवानगी देऊन मगच फायरवॉल चालू करा. सिक्युरिटी अपडेट आपोआप होतील असं लावा. सर्व्हर चालू होऊन तासभर झाला की लॉगमध्ये कोण कुठनं रूटचा (सर्व्हरच्या मालक-खात्याचा) पासवर्ड ढकलतंय ते बघा, कोणी ओळखत नसलेल्या आयपीवर पण शेकडो जण येऊन कडी वाजवून गेलेले असतात.

आणि स्वॅप! १ जीबीला २ जीबीची स्वॅप फाईल. बेदाण्याच्या त्या सकाळनंतर मी हे आधी करतो, मग चहा. वर्डप्रेसच्या लॉगिनवर एन्जिनएक्समध्येच (पानं पोचवणाऱ्या वेब सर्व्हरमध्ये) मर्यादा घाला, एका आयपीला मिनिटाला चार-पाच प्रयत्न बास, आणि वापरत नसाल तर एक्सएमएल-आरपीसी (बाहेरच्या ॲपना वर्डप्रेसशी बोलायचा जुना रस्ता) बंद.

पॅनल, म्हणजे काळ्या खिडकीऐवजी बटणं दाबून सर्व्हर सांभाळायचं साधन, पाहिजे असेल तर सीपॅनलच्या नादी लागू नका, २०१९ पासून ते अकाउंटच्या संख्येवर पैसे घेतात, सर्व्हरपेक्षा पॅनल महाग पडतं. हेस्टिया, क्लाउडपॅनल, व्हर्च्युअलमिन फुकट आहेत. पण पॅनल म्हणजे इंटरनेटकडं उघडणारं अजून एक दार, ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबरपॅनलमधल्या भोकातनं शिरून हजारो सर्व्हर रॅन्समवेअरनं लॉक केले होते. पॅनलचा पोर्ट फक्त आपल्या आयपीला उघडा ठेवा.

एसएसएल (साईट सुरक्षित करणारं सर्टिफिकेट) लेट्स एन्क्रिप्टचं फुकट, सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, सर्टबॉट आपोआप नवं करतं. पण जून २०२५ पासून त्यांनी मुदत संपत आल्याचे मेल पाठवायचं बंद केलंय, त्यामुळं रिन्यूची टेस्ट एकदा करून बघा आणि कॅलेंडरमध्ये टाका.

मेल सर्व्हर मात्र स्वतः चालवू नका. बाहेर जाणारा २५ नंबरचा पोर्ट बहुतेक मोठ्या कंपन्या नव्या अकाउंटला बंदच ठेवतात, आणि उघडला तरी तुमच्या आयपीवर आधी कोणी स्पॅम केला असेल तर कोटेशन गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये. झोहो किंवा गुगलकडं मेल द्या आणि साईटचे फॉर्म त्यांच्या एसएमटीपीवरनं (मेल पाठवायच्या सर्व्हरवरनं) पाठवा.

बॅकअप

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. माझं ऑफिस तेव्हा गावभागात तळमजल्याला. बॅकअप होता, रोजचा होता, एक्स्टर्नल हार्डडिस्कवर होता, आणि ती हार्डडिस्क कॉम्प्युटरच्याच टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये होती. पाणी उतरल्यावर ड्रॉवर ओढला तर गाळानं जाम बसलेला, पान्यानं उचकटावा लागला. १० मार्च २०२१ ला ओव्हीएचच्या स्ट्रासबुर्गच्या डेटासेंटरला आग लागली, एक अख्खी इमारत गेली, आणि ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांची गत माझ्यासारखीच झाली.

त्यामुळं कंपनीचा आपोआप बॅकअप घ्याच, पण तो एकटा धरू नका, अकाउंट सस्पेंड झालं तर तो पण आतच अडकतो. रोज रात्री डेटाबेसचा डंप आणि अपलोडचं फोल्डर दुसऱ्या कंपनीच्या स्टोरेजवर गेलं पाहिजे, रेस्टिक किंवा आरक्लोन (फाईली दुसरीकडं पाठवायची साधनं) लावून क्रॉन टाकला की झालं. महिन्यातनं एकदा तो बॅकअप दुसऱ्या तात्पुरत्या सर्व्हरवर उघडून बघा, तासाभराचे चार-दोन रुपये जातात. मला एकदा असं करताना कळलं की डेटाबेसचा पासवर्ड बदलल्यापासनं तीन आठवडे शून्य बाइटच्या फाईली जात होत्या.

साईट हलवताना

आदल्या दिवशी डीएनएसचा (साईटचं नाव आणि आयपी जुळवणाऱ्या नोंदीचा) टीटीएल, म्हणजे जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा तो आकडा, ३०० सेकंदांवर आणा. नव्या सर्व्हरवर साईट टाकून आपल्या कॉम्प्युटरच्या होस्ट फाईलमध्ये नवा आयपी घालून सगळी पानं, फॉर्म, फोटो तपासा, मगच रेकॉर्ड बदला. दिवस मंगळवार-बुधवार निवडा, यार्डात सौदे नसतील तो दिवस. दुकान असणाऱ्या साईटीवर हलवायच्या वेळेत ऑर्डरी बंद ठेवा, नाहीतर एक ऑर्डर जुन्या डेटाबेसमध्ये आणि एक नव्यात, आणि मग निस्तरत बसा. जुनं होस्टिंग आठवडाभर चालू राहू द्या.

आणि आठवडा झाला की जुना व्हीपीएस नुसता पॉवर ऑफ करून सोडू नका, बहुतेक कंपन्यांकडं बंद मशीनचं पण भाडं चालूच राहतं, कारण डिस्क आणि आयपी तुमच्या नावावर असतो. शेवटचा स्नॅपशॉट (सर्व्हरची अख्खी प्रत) उतरवून घ्या, सर्व्हर डिस्ट्रॉय करा, आणि वेगळे आयपी, व्हॉल्यूम (जादा घेतलेली डिस्क), जुने स्नॅपशॉट राहिलेत का ते बिलिंगच्या पानावर जाऊन बघा. माझ्याकडं एक २० जीबीचं रिकामं व्हॉल्यूम अकरा महिने पडून होतं, दर महिन्याला दोन डॉलर.